साडेतीन गिरक्या

पुरुषांच्या फिगर स्केटिंगची स्पर्धा बघताना नगरच्या सावेडीतली दोन माणसं दर वर्षी जीव मुठीत धरून बसायची, हे सांगून कुणाला पटत नाही. त्यातली एक मी. दुसरे आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे उत्तमराव, माझे वडील. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात तेहतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले त्याच वर्षी आमच्या गल्लीत केबल आली, आणि सकाळ-दुपार बटणं दाबता दाबता त्यांना खेळांच्या चॅनेलवर एक माणूस बर्फावर उलटा घसरत जाताना दिसला. आई म्हणाली, असलं काय बघता, बायकांसारखा नाचतोय मेला. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांची नजर त्या माणसावर नव्हतीच, त्याच्या बुटाखालच्या पात्यावर होती. संध्याकाळी मी कामावरून आले तर मला दारातच सांगायला लागले की त्या पात्याला एक धार नसते, दोन असतात, मधून पन्हाळी काढलेली असते, आणि तो गडी कधी ह्या धारेवर उभा असतो तर कधी त्या. "नाच न्हाई त्यो," ते म्हणाले. "धारेचं काम हाय."

मी बघायला बसले ती त्यांचं मन राखायला. पण मला त्यात भलतंच दिसलं. मी हाडांच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. अकरा वर्षं दिवसाला पंचवीस-तीस मोडकी माणसं टेबलावर निजवत होते. त्यामुळे एखादा तरणाबांड गडी हवेत उडाला की लोकांना गिरक्या दिसतात, मला त्याचा घोटा दिसतो. नडगी दिसते, खुबा दिसतो, पडताना टेकलेल्या हाताचं मनगट दिसतं. हा माणूस आता कुठल्या हाडावर येणार आणि त्याची फिल्म कशी निघेल, हे तो खाली यायच्या आत माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. असला खेळ मी बघूच नये. पण भीतीचीही चटक लागते माणसाला.

सगळ्यात वाईट म्हणजे साडेतीन गिरक्यांची उडी. बाकीच्या उड्या ते पाठमोरे घेतात, ही एकच समोर तोंड करून घ्यायची. येताना मात्र उलटंच यायचं, एका उजव्या पायावर, पात्याच्या बाहेरच्या धारेवर. ही उडी आली की आप्पा आणि मी, दोघंही आपापला उजवा पाय फरशीवर दाबायचो. ठरवून नाही, आपोआप. आमच्या दाबण्यानं जसं काही त्याला तिकडे टेकू मिळणार होता. आई लसूण सोलता सोलता म्हणायची, एक दिवस खालच्यांच्या घरात पडाल दोघं.

आमचा एक ठरलेला खेळाडू होता. त्याचं नाव आम्हाला धड घेता यायचं नाही, म्हणून आप्पांनी त्याचं नाव म्हातारा ठेवलं होतं. वय अठ्ठावीस. त्या खेळात ते म्हातारपणच. पोरसवदा उड्यामारू त्याच्या पुढे निघून गेले होते, पण धारेवर त्याच्यासारखं कोणी चालत नव्हतं, असं आप्पांचं मत. घोट्याच्या दुखण्यानं तो दोन वर्षं गायब होता आणि ही गोष्ट घडली त्या साली परत आला होता. मी मनातल्या मनात त्याच्या घोट्यात एक पट्टी आणि पाच स्क्रू बसवून टाकले होते. आई म्हणायची, एक म्हातारा दुसऱ्याला म्हातारा म्हणतोय, बघा.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. स्पर्धा तिकडे व्हायची गुरुवारी-शुक्रवारी, आणि आमच्याकडे तिची टेप दाखवायचे शनिवारी-रविवारी. पण मधल्या मध्ये पेपरवाले खेळाच्या पानावर अगदी तळाशी दोन ओळींत निकाल छापून मोकळे व्हायचे. एका वर्षी हॉस्पिटलात माझ्या नजरेला तो पडला. मी घरी अवाक्षर काढलं नाही. पण पहिल्याच उडीला आप्पांनी टीव्हीऐवजी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाचलंस तू. तुझ्या तोंडावर समदं छापून येतं." तेव्हापासून त्या आठवड्यात आप्पा पहाटेच पेपर ताब्यात घ्यायचे, खेळाचं पान न उघडता आठ घड्या घालायचे, वर टाचणी मारायचे आणि हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. स्पर्धा दाखवून झाली की मगच पान बाहेर. मीही पथ्य पाळायची. हॉस्पिटलबाहेरचा भजीवाला पेपरात भजी बांधून द्यायचा, तर त्या आठवड्यात मी डबा घेऊन जायची. लोक हसायचे. हसू देत.

त्र्याण्णव साली केबल आली असेल, तर हे सत्त्याण्णव साल. आप्पांची कंबर दिवाळीपासून दुखत होती. आधी वर्कशॉपातल्या ओझ्यांवर ढकललं, मग माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, मग थंडीवर. रात्री कूस बदलताना ते तोंड दाबून कण्हायचे आणि आपल्याला ऐकू आलं नाही असं आई आणि मी दाखवायचो. शेवटी मी म्हटलं, स्पर्धा दोन दिवसांवर आलीये, तुम्हाला तीन-तीन तास खुर्चीत बसायचंय, एकदा फिल्म काढू आणि औषध घेऊ. ह्या लालचीनं ते तयार झाले. शुक्रवारी संध्याकाळी पेशंट संपल्यावर मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर कॉन्फरन्सला पुण्याला गेले होते, सोमवारी दहाला यायचे होते. म्हटलं, फिल्म तर काढून ठेवू.

आप्पांनी बूट काढून टेबलाखाली शिस्तीत लावले. मी त्यांना आधी उताणं, मग कुशीवर निजवलं, शिशाच्या पडद्यामागे गेले आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. श्वास सोडा. धरून ठेवा. हलू नका. ते असे पडले की जणू एखादा लोखंडी तुकडा शिकंज्यात आवळलाय. फिल्म नीट आली का हे बघेपर्यंत पेशंटला टेबलावरच ठेवायचं असतं, म्हणून त्यांना पडून राहायला सांगून मी डार्करूममध्ये गेले.

लाल दिव्यात फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की चित्र हळूहळू वर येतं. अकरा वर्षं झाली तरी मला तो क्षण आवडायचा. त्या दिवसापर्यंत आवडायचा. मणके आले, एकाखाली एक, आणि त्यांच्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके आले. मला वाटलं औषध नीट ढवळलं गेलं नाही. दुसरी फिल्म बुडवली. तेच ठिपके, त्याच मणक्यांवर. खुब्याच्या हाडावर एक मोठा.

असे ठिपके मी आधी दोनदा बघितले होते. दोघंही म्हातारे पुरुष, दोघंही कंबर दुखते म्हणून आलेले. त्या दोघांना डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बसवून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली होती, आणि दोघांपैकी एकही परत कधी कंबर दाखवायला आला नव्हता. मी डॉक्टर नाही. मला फिल्म वाचता येत नाही, नुसती दिसते. पण दिसलं ते दिसलंच.

बाहेर आले. आप्पा छताकडे बघत पडले होते. मी त्यांना हात देऊन उठवलं, चष्मा दिला, आणि खाली बसून त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. त्यांनी विचारलं, कसं काय. आमच्या कामातला पहिला धडा असा की टेक्निशियननं तोंड उघडायचं नाही. काहीही दिसो, पेशंटला एकच वाक्य सांगायचं. ते मी माझ्या बापाला सांगितलं. "डॉक्टर सांगतील."

आप्पा बरं म्हणाले. घरी जाताना स्कूटरवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हात मला भयंकर जड लागत होता. ओल्या फिल्म वाळवून पाकिटात घालून मी सोबत आणल्या होत्या. का आणल्या कोण जाणे. हॉस्पिटलात कोणीतरी बघेल आणि बोलेल, अशी भीती असावी. आईच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे पाकीट ठेवलं आणि हात धुवून भाकऱ्या थापायला बसले.

शनिवारी पहाटे आप्पांनी नेहमीसारखा पेपर घेतला आणि पान पेटीत गेलं. संध्याकाळी छोटा कार्यक्रम होता, म्हणजे पहिल्या दिवसाचा, अडीच-तीन मिनिटांचा. म्हातारा काळ्या सदऱ्यात आला. त्याचं कपाळ मला नेहमीपेक्षा मोठं दिसलं. त्यानं साडेतीन गिरक्यांची उडी घेतली, आम्ही दोघांनी पाय दाबले, आणि तो उजव्या पायावर असा अलगद आला की आप्पांनी मांडीवर थाप मारली. तिसऱ्या नंबरावर राहिला. आप्पा खूश. आई म्हणाली, आता तरी त्याला कोणी चार घास खायला घाला.

आणि तिथेच, सगळे खुशीत असताना, मी ती चूक केली. मनात म्हटलं, उद्याच्या मोठ्या कार्यक्रमात हा पडला नाही, तर ते ठिपके म्हणजे काही नाही. औषधाचे डाग. वयाची झीज. तो पडला नाही, तर सोमवारी डॉक्टर हसतील.

आमच्या घरात असलं चालत नाही. माझ्या आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले टाक सीना नदीच्या पाण्यात सोडले. त्यानंतर आमच्या घरात कोणी नवस बोललेलं नाही, कौल लावलेला नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलेलं नाही. मी दहावीला नापास होता होता वाचले तेव्हा शेजारच्या काकूंनी नारळ फोड म्हटलं, तर आप्पांनी त्यांना चहा पाजून विचारलं होतं की नारळाला गणित येतं का. आणि आता त्याच माणसाची मुलगी त्याच्याच शेजारी बसून बर्फावरच्या एका परक्या गड्याला नवस बोलत होती. तोही झालेल्या स्पर्धेवर. तो गडी शुक्रवारीच पडला होता किंवा नव्हता पडला. टेप गुंडाळून विमानानं फिरून आली होती. मला हे सगळं कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही. मी तो शब्द मनातून मागे घ्यायला गेले, तर मागे घेतला म्हणून काही वाईट होईल असं वाटायला लागलं. भीती एकदा घरात शिरली की ती अशी पाय पसरते.

रविवारी सकाळी आप्पा विहारात वंदनेला गेले आणि आई नळावर. मी पत्र्याची पेटी उघडली. पान्ह्यांवर, कानशींवर ते आठ घड्यांचं पान पडलं होतं. दोन ओळी वाचायच्या होत्या. वाचलं की सुटले. मी ते हातात घेतलं. आप्पांची घडी म्हणजे घडी, कोपऱ्याला कोपरा. पण टाचणीजवळ दोनऐवजी चार भोकं होती. मला वाटलं, पहिल्यांदा टाचणी नीट लागली नसेल, कंबर दुखत असताना वाकून मारली, हात थरथरला असेल. एवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कानस लावताना ज्यांचा हात कधी हलला नाही, त्यांना टाचणी मारता येईना. मी पान होतं तसं ठेवलं आणि पेटी बंद केली. वाचायची छाती झाली नाही. कपाटातलं पाकीटही मी शुक्रवारनंतर परत उघडलं नव्हतं. घरात दोन बंद कागद होते आणि मी दोन्हींच्या मधून झाडू मारत फिरत होते.

दुपारी आप्पा केबलवाल्या सूर्यभानकडे जाऊन आले. हा प्राणी बेभरवशाचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की खेळांचं चॅनेल काढून त्याजागी सिनेमा लावायचा. पण त्याच्या डिशचा वाकलेला खांब आप्पांनी फुकटात सरळ करून दिला होता, त्यामुळे सहा ते नऊ चॅनेलला हात लावणार नाही असा शब्द त्यानं दिला. आप्पा चालत गेले, चालत आले. येताना तीनदा थांबले, हे मी गच्चीवरून मोजलं.

सहा वाजता आम्ही बसलो. आप्पा खुर्चीत, मी खाली चटईवर त्यांच्या पायाशी, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पालक निवडत. एकेक गडी येत होता. एक पडला, उठला, पुन्हा पडला. मला त्याचं माकडहाड दिसलं. दुसऱ्यानं भिंतीला हात टेकला. मी बांगड्या वर सारत होते, खाली आणत होते. आप्पा शांत बसले होते. मला वाटलं, दुखत असेल, दाखवत नसतील.

म्हातारा शेवटून तिसरा आला. आज सदरा राखाडी, गळ्याशी एकच काळी पट्टी. त्यानं हात पसरले आणि संगीत सुरू झालं, नुसतं एक व्हायोलिन. साडेचार मिनिटं. पहिली उडी गेली. दुसरी गेली. मधे तो एका पायावर, एका धारेवर, हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून गेला, आणि त्याच्या पात्याचा बर्फावरचा खरखर आवाज टीव्हीतून ऐकू आला. एरवी ह्याच जागी आप्पा हमखास काहीतरी बोलायचे. काही बोलले नाहीत. तिसरी उडी गेली. लोक टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हणत होते, पडू नको रे बाबा, पडू नको, आमच्या आप्पांना कंबरेत काही नाही, तू पडू नको.

मग त्यानं लांब वळण घेतलं. मला कळलं की आता तीच येणार. तो मागे बघत आला, वळला, समोर तोंड केलं, आणि उडाला. मी माझा उजवा पाय फरशीवर दाबला.

एक. दोन. तीन. अर्धी राहिली. खाली येतानाच मला दिसलं की पाय धारेवर नाही. पातं सपाट टेकलं, घोटा आत दुमडला, आणि तो बाजूला खुब्यावर आदळला. तसाच घसरत कडेच्या फळीपर्यंत गेला. हॉलमधून हजारो लोकांचा एकच उसासा आला. आईच्या हातातली पालकाची जुडी खाली पडली.

संपलं, एवढंच माझ्या मनात आलं. मी डोळे मिटून घेतले. सोमवार, चिठ्ठी, पुणे, बाहेर बसवलेले नातेवाईक, आणि त्यात मी. कानात नुसता रक्ताचा आवाज. मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अकरा वर्षं माझं काम काय, तर माणूस हलतो की नाही ते बघायचं. मी डोळे उघडले आणि आप्पांच्या पायाकडे बघितलं.

त्यांचा उजवा पाय माझ्या शेजारी होता. त्यानं फरशी दाबलेली नव्हती. चप्पल सैल, बोटं मोकळी. उडी आली, गडी आदळला, तिकडचा सगळा हॉल हादरला, आणि ह्या माणसाचा पाय जागचा हलला नव्हता.

मी मान वर केली. आप्पा पडद्याकडे बघत होते. "बघ," ते म्हणाले. "खाली काय बघतीस, तिकडं बघ."

म्हातारा उठला होता. पँटवर बर्फ लागला होता. संगीत त्याच्यासाठी थांबलं नव्हतं, ते पुढे निघून गेलं होतं, आणि तो त्याच्या मागे चार ढांगा टाकून त्याला गाठत होता. गाठलं त्यानं. उरलेलं दीड मिनिट तो असा चालला की मी इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. उड्या होत्या, नव्हत्या, मला आठवत नाही. फक्त धार आठवते. शेवटी तो मधोमध थांबला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी चालली होती आणि लोक उभे राहिले होते.

आकडे आले, कमीच आले. आप्पांनी उठून टीव्ही बंद केला. अजून दोघं यायचे होते, तरी बंद केला. आई कणीक मळायला आत गेली.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही पान वाचलं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "काल पहाटंच वाचलं. नववा आला त्यो."

मला एकदम रागच आला. तीन दिवस मी जळत होते आणि नियम करणाऱ्यानंच नियम मोडला होता. मी तसं म्हणालेही. ते परत खुर्चीत बसले, बसताना हात कंबरेवर गेला, आणि बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"शुक्रवारी तू त्या काळ्या खोलीतनं भायेर आलीस," ते म्हणाले. "तुझी वाट बघत किती डाव बाकड्यावर बसलोय मी तिथं. समद्या पेशंटला तू 'झालं, उठा' म्हनतीस. मला न्हाई म्हनलीस. खाली बसून माझ्या बुटाच्या नाड्या बांधल्यास."

मी चटईची सुटलेली काडी ओढत राहिले.

"रातभर झोप न्हाई. मला दोन-दोन भीत्या झेपंनात, पोरी. एक तरी कमी करावी म्हनलं, म्हनून पान उघडलं. तुला त्यातलं काय बी न्हाई सांगितलं. वाटलं, ही निदान एवढं तरी नेहमीसारखं बघंल." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पन एक सांगतो. पेपरात नुसतं पडला अन् नववा आला एवढंच हुतं. उठल्यावर त्यानं काय केलं ते छापलं नव्हतं."

स्वयंपाकघरात परातीचा आवाज येत होता. आप्पांनी आवाज खाली आणला.

"आता तुझ्याजवळचं सांग."

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. अकरा वर्षांत हजारो वेळा म्हटलेलं, गुळगुळीत झालेलं. डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी दहाला सांगतील, खरंच सांगितलं असतं त्यांनी, आणि नियमही तोच होता. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. तिथे सगळं आधीच छापून आलं असणार.

मी उठले, कपाट उघडलं, साड्यांमागचं पाकीट काढलं. फिल्म ट्यूबलाइटसमोर दोन्ही हातांनी धरली. ती थरथरत होती म्हणून आप्पांनी एक कोपरा धरला. त्यांचा हात हलत नव्हता. तेव्हा मला ती चार भोकं आठवली. टाचणी नीट लागली नव्हती असं नव्हतं. ती दोनदा लागली होती.

"हे माझे मनके?"

"हो."

"कुठं?"

मी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ते जवळ येऊन बघत राहिले, वर्कशॉपात तडा शोधताना बघत असतील तसे. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, आप्पा, माझी चूक होऊ शकते, पण असं मी आधी दोनदा बघितलंय. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, "अजून कुठं?"

मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्यावर. मग खाली, खुब्याच्या हाडावरच्या मोठ्यावर. त्यांनी श्वास धरून ठेवला होता. मी म्हटलं, श्वास सोडा, आप्पा.

त्यांनी सोडला नाही. मी खाली बघितलं. त्यांच्या उजव्या पायाची बोटं चपलेत आवळलेली होती, टाच फरशीत रुतावी तशी दाबलेली, पोटरीची शीर ताठ झालेली. मी फिल्म तशीच वर धरून ठेवली आणि त्यांच्या शेजारी माझाही पाय दाबला.